किडनी ट्रान्सप्लांटनंतर लस घेतली तर किडनी रिजेक्ट होते का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. मिस्टरांचं ट्रान्सप्लांट होऊन दोन वर्षं झालीत, किडनी सासूबाईंनी दिलीय, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा) १.३ वर स्थिर आहे आणि टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, वायसोलोन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या तिन्ही गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी पावसाळ्याआधी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यायला सांगितलीय. पण डायलिसिसच्या दिवसांपासून ओळखीच्या असलेल्या एकांनी सांगितलं की त्यांच्या माहितीतल्या माणसाची किडनी कोविडची लस घेतल्यावर गेली, आणि तेव्हापासून घरात लसीचं नाव काढायची सोय राहिली नाहीये. शिवाय घरात दीड वर्षाचं बाळ आहे, त्याच्या लसींमुळे बाबाला काही होईल का, हाही प्रश्न आहे.

उत्तर आधी सांगून टाकतो. लस घ्या, दोन्ही घ्या, आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ बरोबर आहे. रिजेक्शनची, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याची, भीती खरी आहे पण ती लसीवर ठेवायची नाही, ती कुठे ठेवायची ते पुढे सांगतो, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

ही भीती अडाणीपणातून येते असं मी कधीच म्हणणार नाही. ट्रान्सप्लांटच्या दिवसापासून आम्हीच तुम्हाला बजावत असतो की शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवायचीय, ती जागी झाली की परक्या किडनीवर धावून जाईल. मग तोच डॉक्टर म्हणतो लस घ्या, आणि लस म्हणजे तर प्रतिकारशक्ती जागी करायचीच गोष्ट. विचार करणाऱ्या माणसाला इथे प्रश्न पडायलाच हवा, आणि तो डॉक्टरांनाही पडलेला आहे, म्हणून तर त्यावर इतकी वर्षं अभ्यास चाललेत.

शरीरात काय होतं ते बघा. लस घेतल्यावर ज्या पेशी जाग्या होतात त्या त्या ठराविक जंतूचा तुकडा ओळखणाऱ्या असतात. फ्लूच्या व्हायरसचं प्रोटीन ओळखणारी पेशी वेगळी आणि सासूबाईंच्या किडनीवरचं एचएलए, म्हणजे ज्याचं मॅचिंग तुम्ही ट्रान्सप्लांटच्या आधी करून घेतलं होतं ते, ओळखणारी पेशी वेगळी. फ्लूची लस दिली म्हणून किडनीवाल्या पेशी आपोआप कामाला लागत नाहीत. पण तरी कागदावर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे जंतू ओळखणारी एखादी पेशी चुकून एचएलएलाही ओळखू शकते. दुसरी म्हणजे काही लसींमध्ये असर वाढवायला अ‍ॅडज्युव्हंट नावाचा पदार्थ घातलेला असतो, त्याने सगळ्याच प्रतिकारशक्तीला थोडा धक्का बसला तर काय?

हा दुसरा प्रश्न स्वाइन फ्लूच्या साथीत ऐरणीवर आला. ऑगस्ट २००९ मध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता, त्या दिवसांची पळापळ कित्येकांना आठवत असेल. युरोपात तेव्हा अ‍ॅडज्युव्हंट घातलेली लस ट्रान्सप्लांटच्या पेशंटना दिली गेली आणि काही अभ्यासांत थोड्या पेशंटमध्ये लसीनंतर नव्या एचएलए अँटिबॉडीज, म्हणजे परक्या एचएलएला चिकटणारी प्रोटीन्स, सापडल्या, दुसऱ्या काही ठिकाणी तसं काही सापडलं नाही. ही गोष्ट तुमच्यापासून लपवण्यासारखी नाहीये, कारण अशा अँटिबॉडीज किडनीविरुद्ध बनल्या तर पुढे त्रास होऊ शकतो. पण प्रश्न असा की एवढ्या वर्षांत लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या पेशंटची तुलना केली तर रिजेक्शन खरंच जास्त दिसतं का? २०१८ मध्ये यावरचे ९० अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात लस घेतलेले पंधरा हजारांवर ट्रान्सप्लांट पेशंट होते, किडनीचे, हार्टचे, लिव्हरचे सगळे धरून. ज्या अभ्यासांत तुलनेला लस न घेतलेले पेशंट होते तिथे रिजेक्शन वाढलेलं दिसलं नाही.

त्याहून मला पटणारा पुरावा नागिणीच्या लसीचा आहे. शिंग्रिक्स नावाची ही लस आहे, तिच्यात बऱ्यापैकी जोरदार अ‍ॅडज्युव्हंट असतं, दंड दोन दिवस चांगलाच दुखतो. ही लस २६४ किडनी ट्रान्सप्लांट पेशंटवर तपासली गेली, अर्ध्यांना खरी लस आणि अर्ध्यांना नुसतं खोटं इंजेक्शन, कोणाला काय दिलं ते पेशंटला माहीत नाही. रिजेक्शन लसवाल्यांमध्ये जास्त झालं नाही आणि किडनीच्या कामातही फरक पडला नाही. अ‍ॅडज्युव्हंटने किडनी जात असती तर ती इथे जायला हवी होती.

आता फ्लूच्या लसीबद्दल, कारण तुमचा मुख्य प्रश्न तोच आहे. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्यातल्या ५१ हजारांवर किडनी ट्रान्सप्लांट पेशंटच्या नोंदी तपासल्या गेल्या, तो अभ्यास २०११ मध्ये आला. ट्रान्सप्लांटनंतर पहिल्या वर्षात ज्यांनी फ्लूची लस घेतली त्यांच्यात किडनी जाण्याचं प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा कमी होतं आणि मृत्यूही कमी होते. यावर मी लगेच नाचणार नाही, कारण जो माणूस वेळेवर लस घेतो तो गोळ्याही वेळेवर घेत असणार, फॉलोअप चुकवत नसणार, त्यामुळे सगळं श्रेय लसीला देता येत नाही. पण लस किडनी घालवते हे जर खरं असतं तर एवढ्या मोठ्या आकड्यात चित्र बरोबर उलटं दिसलं असतं ना. आणि २०१८ च्या आणखी एका अभ्यासात, जिथे ट्रान्सप्लांटच्या पेशंटना फ्लू झाल्यावर त्यांचं काय झालं ते बघितलं, तिथे लस घेतलेल्यांना न्यूमोनिया कमी झाला आणि आयसीयूत कमी जणांना जावं लागलं.

कोविडच्या लसीबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण तुमच्या घरातली भीती तिथूनच आलीय. १६ जानेवारी २०२१ ला आपल्याकडे लसीकरण सुरू झालं, १ मार्चपासून ४५ च्या पुढच्या आजारी लोकांना मिळायला लागली आणि त्या आजारांच्या यादीत किडनी ट्रान्सप्लांट स्पष्ट लिहिलेलं होतं. तेव्हा पेशंटचे फोनवर फोन येत होते. कोव्हिशिल्ड घेऊ की कोव्हॅक्सिन, कोव्हिशिल्डमध्ये जिवंत व्हायरस असतो ना, मग आम्हाला कशी चालेल वगैरे. कोव्हिशिल्डमधला अ‍ॅडिनोव्हायरस शरीरात वाढूच शकत नाही असा केलेला असतो आणि कोव्हॅक्सिनमधला कोरोना व्हायरस मारून टाकलेला असतो, म्हणजे दोन्हीही आपल्या पेशंटना चालणाऱ्याच होत्या. पण हे फोनवर समजावून समजावून सुद्धा काही लोक थांबले, आणि मग एप्रिलमध्ये दुसरी लाट आली.

त्याआधीच्या काळातला आपल्या देशातला आकडा सांगतो. १३ सेंटरमधल्या २५० किडनी ट्रान्सप्लांट पेशंटना कोविड झाला त्यांचा अभ्यास छापून आलेला आहे, त्यात ११.६ टक्के दगावले आणि ४८ टक्के लोकांच्या किडनीला त्या आजारात इजा झाली. जवळजवळ निम्मे. लस मिळायच्या आधीची ही स्थिती आहे.

आणि लस आल्यावर खरा प्रॉब्लेम काय निघाला माहितीये का? प्रतिकारशक्ती जास्त जागी झाली हा नाही, ती पुरेशी जागीच होत नव्हती हा! अमेरिकेत ६५८ ट्रान्सप्लांट पेशंटना एमआरएनए प्रकारच्या (फायझर, मॉडर्नाच्या) लसीचे दोन डोस दिल्यावर फक्त ५४ टक्के लोकांमध्ये अँटिबॉडी सापडली, निरोगी माणसात ती जवळपास सगळ्यांमध्ये सापडते. मायकोफेनोलेट चालू असलेल्यांमध्ये प्रमाण आणखी कमी. फ्रान्समध्ये तुलूजच्या डॉक्टरांनी १०१ ट्रान्सप्लांट पेशंटना तिसरा डोस दिला तेव्हा अँटिबॉडीवाले ४० टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेले, आणि त्यांच्यात एकही रिजेक्शन झालं नाही. म्हणून मग आपल्या पेशंटना जास्तीचा डोस द्यायची पद्धत जगभर पडली.

यातून एक गोष्ट लक्षात येईल. ज्या गोळ्या किडनीला सांभाळतात त्याच गोळ्या लसीला कमजोर करतात. लसीने जी काही प्रतिकारशक्ती जागी होते ती या गोळ्यांच्या पहाऱ्यातच होते. गोळ्या चालू असताना लसीने उठून किडनीवर हल्ला करावा इतकी ताकदच बहुतेक वेळा येत नाही.

बहुतेक वेळा म्हणतोय, कधीच नाही असं म्हणत नाहीये. लसीनंतर रिजेक्शन झाल्याच्या एकेकट्या केसेस जर्नलमध्ये छापून आलेल्या आहेत, कोविड लसीनंतर किडनीच्या पेशंटची आलीय, आणि तिसऱ्या डोसच्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात ३० पेशंटपैकी एका हार्ट ट्रान्सप्लांटवाल्याला सौम्य रिजेक्शन निघालं. असं काही दिसलं की डॉक्टर ते छापतात आणि छापायलाच हवं. पण लसीनंतर झालं आणि लसीमुळे झालं यात फरक आहे. आजच्या औषधांवर सुद्धा पहिल्या वर्षात साधारण दहातल्या एकाच्या आसपास पेशंटना रिजेक्शनचा एखादा एपिसोड येतो, लस असो नसो. आता एखाद्या शहरातल्या सगळ्या ट्रान्सप्लांट पेशंटनी दोनतीन महिन्यांत लस घेतली तर ज्यांना त्या काळात रिजेक्शन होणारच होतं त्यातल्या काहींचं ते लसीच्या पुढच्याच आठवड्यात येणार. त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना कितीही आकडे सांगितले तरी लसच आठवणार, आणि मी त्यांना दोष देत नाही, ज्याची किडनी गेली त्याला कारण हवंच असतं.

तुमच्या ओळखीच्यांच्या त्या माणसाबद्दल मला काही माहीत नाही त्यामुळे त्याचं काय झालं ते मी सांगू शकणार नाही. पण अशी गोष्ट कानावर आली की मी चार गोष्टी विचारतो. बायोप्सी झाली होती का? कारण क्रिएटिनिन वाढणं म्हणजे रिजेक्शन नव्हे, रिजेक्शन आहे की नाही ते बायोप्सीनेच नक्की कळतं. त्या आठवड्यातली टॅक्रोची, म्हणजे टॅक्रोलिमसची, रक्तातली लेव्हल किती होती? मधे गोळ्या बंद केल्या होत्या का? आणि अंगदुखीसाठी काय घेतलं होतं?

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका काकांचं सांगतो. लस घेतली, रात्री ताप आला, अंग ठणकायला लागलं. मुलगा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या घेऊन आला आणि त्या तीन दिवस चालल्या, तापामुळे जेवणपाणीही नीट नाही. पुढच्या रिपोर्टला क्रिएटिनिन १.४ चं २.१. घरात एकच गोंधळ, लसीने किडनी गेली. गोळ्यांची स्ट्रिप बघितली तर डायक्लोफेनॅक होतं. टॅक्रो मुळातच किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक नळ्या आवळतं, त्यावर ही पेनकिलर पडली आणि अंगात पाणी कमी असलं की किडनीला रक्तच पुरत नाही. गोळ्या बंद केल्या, पाणी वाढवलं, लेव्हल बघितली, आणि काही दिवसांत क्रिएटिनिन जागेवर आलं, रिजेक्शनची कुठलीही ट्रीटमेंट न देता. समजा ते आलं नसतं तर त्या घरात आणि त्यांच्या नात्यागोत्यात पुढची वीस वर्षं कोणी लस घेतली नसती.

म्हणून लसीनंतर ताप आला, दंड दुखला, अंग मोडून आलं तर फक्त पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाम नको, कारण त्यात आयबुप्रोफेन असतं, डायक्लोफेनॅक नको, निमेसुलाइड नको, असिक्लोफेनॅक नको. मेडिकलवाल्याला सांगायचं की किडनी ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे आणि तरी स्ट्रिपवरचं नाव स्वतः वाचायचं. पाणी नेहमीसारखं प्यायचं. ताप दोन दिवसांपेक्षा जास्त टिकला तर तो लसीचा आहे असं धरून घरी बसायचं नाही, तपासणी करायची, कारण आपल्या पेशंटना ताप यायला शंभर कारणं असतात, लघवीचं इन्फेक्शन त्यात पहिलं.

दुसरी गोष्ट, लसीचा असर चांगला यावा म्हणून काही जण स्वतःच मायकोफेनोलेट चारपाच दिवस बंद ठेवतात. हे ऐकलं की मला खरंच भीती वाटते. कल्पना वाईट नव्हती, नेदरलँड्समध्ये डॉक्टरांनी रीतसर करूनही बघितली, कोविडच्या लसीच्या आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा मायकोफेनोलेट थांबवलं, तर अँटिबॉडीत काही फायदा निघाला नाही. म्हणजे मिळणार काही नाही आणि रिजेक्शनची जोखीम मात्र खरी. एकही गोळी, एकाही दिवसासाठी, लसीच्या नावाने बंद करायची नाही.

रिजेक्शन कशाने होतं हे मी रोज बघतो. गोळ्या चुकल्याने होतं. लग्नाला गावी गेले आणि गोळ्या संपल्या, चार दिवसांनी आल्यावर घेतल्या. पैशाची ओढाताण झाली म्हणून दोनच्या जागी एक केली. टीबी निघाला आणि बाहेरच्या डॉक्टरांनी रिफाम्पिसिन सुरू केलं, त्याने टॅक्रोची लेव्हल धाडकन खाली येते आणि कोणाला सांगितलंच नाही तर महिन्याभरात किडनी धोक्यात. किंवा मोठं इन्फेक्शन झालं, न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर गेले, तर जीव वाचवायला आम्हालाच मायकोफेनोलेट बंद करावं लागतं, आणि तेवढ्या काळात किडनी रिजेक्ट होऊ शकते. लसीचा आणि किडनीचा खरा संबंध इथे आहे. फ्लू किंवा न्यूमोनिया टळला तर गोळ्या बंद करायची वेळच येत नाही. शिवाय इन्फेक्शनमध्ये शरीरात जी जळजळ होते, जी प्रतिकारशक्ती पेटते, ती कुठल्याही लसीपेक्षा कितीतरी मोठी असते. लसीने रिजेक्शन होईल म्हणून लस टाळायची आणि खरा आजार अंगावर घ्यायचा, हा हिशोब किडनीच्या बाजूने कुठूनच बसत नाही.

आणि हेही लिहून ठेवतो, कोविडपासून घराघरात गुळवेलीचा काढा, अश्वगंधा, इम्युनिटी वाढवणारी चूर्णं आलीत. लसीने इम्युनिटी वाढेल म्हणून घाबरणारे पेशंट काढा मात्र रोज घेत असतात, घरच्यांनी प्रेमाने दिलेला असतो. यातल्या कुठल्याच गोष्टी ट्रान्सप्लांट पेशंटवर लसींसारख्या तपासलेल्या नाहीत, आणि गुळवेलीने लिव्हरला सूज आलेल्या पेशंटची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलीय. मिस्टरांना असं काही चालू असेल तर पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांना नक्की सांगा, रागावतील म्हणून लपवू नका.

आता कुठल्या लसी खरोखर चालत नाहीत ते. जिवंत व्हायरस किंवा जिवंत जंतू कमजोर करून केलेल्या लसी ट्रान्सप्लांटनंतर घ्यायच्या नाहीत, आणि त्याचं कारण रिजेक्शन नाहीये, कारण असं की दाबलेल्या प्रतिकारशक्तीत तो कमजोर केलेला जंतूच वाढून आजार करू शकतो. यात गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर आली, कांजिण्यांची, बीसीजी, तोंडाने द्यायचा पोलिओ, पिवळ्या तापाची लस, टायफॉइडची कॅप्सूलवाली लस, आणि नाकात फवारायची फ्लूची लस. म्हणून फ्लूची लस घेताना इंजेक्शनचीच आहे ना एवढं विचारून घ्या. आफ्रिकेत कामाला जाणाऱ्यांना पिवळ्या तापाचं सर्टिफिकेट लागतं, तिथे लस न घेता डॉक्टरांकडून वैद्यकीय सूट मिळाल्याचं पत्र घ्यायचं असतं. हजला जाणाऱ्यांना लागणारी मेंदूज्वराची मेनिंगोकोकल लस मात्र इंजेक्शनची आणि निर्जीव आहे, ती चालते. टायफॉइडचं इंजेक्शनही चालतं.

इथेच एक कळकळीची गोष्ट, कुत्रं चावलं तर. ट्रान्सप्लांट झालंय म्हणून रेबीजची लस घ्यायची का अशी शंका काढत घरी बसलेली माणसं मी बघितलीत. रेबीजची लस निर्जीव आहे, आणि रेबीज झाला तर माणूस वाचत नाही, त्यामुळे इथे रिजेक्शनचा विचार मनात सुद्धा आणायचा नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि तिथे सांगायचं की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत, कारण अशा पेशंटना नुसत्या ओरखड्यालाही लसीच्या सोबत इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं असतं आणि लसीचा पूर्ण कोर्स करायचा असतो. धनुर्वाताचं इंजेक्शनही चालतं.

वेळेबद्दल. ट्रान्सप्लांटनंतर पहिले तीन ते सहा महिने बहुतेक लसी थांबवतो, कारण सुरुवातीला दिलेल्या एटीजीसारख्या इंजेक्शनने पेशी इतक्या दबलेल्या असतात की लस वायाच जाते. फ्लूची साथ जोरात असेल तर ती एक लस महिन्यानंतरही देतो. रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करणारं इंजेक्शन) दिलं असेल तर साधारण सहा महिने थांबतो. रिजेक्शनची ट्रीटमेंट नुकतीच झाली असेल, अंगात ताप असेल तर पुढे ढकलतो. मिस्टरांचं यातलं काही नाहीये, दोन वर्षं झालीत, रिपोर्ट स्थिर आहेत, म्हणजे ही अगदी योग्य वेळ आहे. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि थोडा थंडीत, म्हणून एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी, आणि ती दर वर्षी घ्यायची कारण व्हायरस बदलत राहतो. न्यूमोनियाची लस आधी पीसीव्ही १३ आणि मग किमान आठ आठवड्यांनी पीपीएसव्ही २३ अशी देतात, पीसीव्ही २० मिळाली तर ती एकच पुरते. फ्लू आणि न्यूमोनिया एकाच दिवशी दोन हातांना दिल्या तरी चालतात, फक्त ज्या हातात डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) आहे तो हात सोडा, मग एकाच दंडात थोडं अंतर ठेवून देतात.

जे अजून डायलिसिसवर आहेत आणि ट्रान्सप्लांटची वाट बघतायत त्यांच्यासाठी तर हा सगळ्यात मोलाचा काळ आहे. हिपॅटायटिस बी ची लस डायलिसिसच्या पेशंटला दुप्पट डोसने, ४० मायक्रोग्रॅम, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी देतात आणि नंतर टायटर, म्हणजे रक्तातलं अँटिबॉडीचं प्रमाण, तपासतात, तो दहाच्या वर हवा. कांजिण्या झालेल्या नसतील, लसही झालेली नसेल, तर ती जिवंत लस ट्रान्सप्लांटच्या किमान चार आठवडे आधीच घेता येते, नंतर ते दार बंद होतं. डोनर ठरला, ट्रान्सप्लांटला परवानगी देणाऱ्या कमिटीची तारीख मिळाली, या धावपळीत लसी राहून जातात, त्यामुळे आपण होऊन विचारा.

आता बाळाचं. बाळाच्या सगळ्या लसी वेळेवर द्या. एमएमआर, कांजिण्यांची लस बाळाला देता येते, त्याने बाबाला धोका नाही, उलट बाळ घरात गोवर-कांजिण्या आणणार नाही याचा बाबाला फायदाच आहे. कांजिण्यांच्या लसीनंतर बाळाच्या अंगावर पुरळ आलं तर तेवढे दिवस बाबाने जवळ घेऊ नये. एक अपवाद, तोंडाने द्यायचे पोलिओचे थेंब. त्यातला व्हायरस बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडत राहतो. त्यामुळे बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगा की घरात ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे, ते इंजेक्शनची पोलिओ लस देतील, आणि पल्स पोलिओच्या रविवारी काय करायचं तेही त्यांनाच विचारून ठेवा. थेंब आधीच दिले गेले असतील तर घाबरू नका, बाळाचे लंगोट, डायपर, शी-शू हे महिनाभर मिस्टरांनी करायचं नाही आणि बाकीच्यांनी साबणाने हात धुवायचे.

सासूबाईंना एक किडनी आहे पण त्यांच्या प्रतिकारशक्तीच्या गोळ्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या वयाला लागणाऱ्या सगळ्या लसी त्या नेहमीसारख्या घेऊ शकतात. खरं तर फ्लूची लस या वर्षी तुम्ही, सासूबाई आणि बाळ सगळ्यांनीच घ्या. मिस्टरांच्या शरीरात लस अर्धवट काम करेल हे आपण वर बघितलं, मग उरलेलं काम घरातल्यांनी आजार घरात न आणून करायचं असतं.

या वेळी असं करा. पुढच्या फॉलोअपला क्रिएटिनिन आणि टॅक्रो लेव्हल काढाल, तो रिपोर्ट स्थिर आला की त्याच आठवड्यात लस घ्या, म्हणजे आधीचा आकडा हातात राहील आणि नंतर कोणी काही म्हणालं तर तुलना करता येईल. लसीसाठी वेगळी तपासणी लागत नाही, पुढचा ठरलेला रिपोर्ट पुरतो. फक्त लघवी कमी झाली, पायाला सूज आली, बीपी वाढलं, किडनी बसवलेल्या बाजूला दुखायला लागलं, तर लस घेतलेली असो नसो, रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी सेंटरला फोन करायचा. क्रिएटिनिन १.३ वरून १.६ च्या पुढे गेलं तरी फोन करायचा. आणि लसीची तारीख, नाव, बॅच नंबर ट्रान्सप्लांटच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, पुढच्या वर्षी न्यूमोनियाची कुठली झाली होती ते कोणालाच आठवत नसतं.